पावसात दार अडकतंय? रंधा सगळ्यात शेवटी

मिरगाचा पाऊस लागून आठ-दहा दिवस झाले की माझा फोन वाजायला लागतो, तो थेट चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या दिवसापर्यंत. वाक्य ठरलेलं: "दार लागना, मरे. येऊन इल्लें तासून दी." (दार लागत नाही रे, येऊन जरा तासून दे.) म्हणजे रोगही त्यांनीच ओळखलेला आणि औषधही त्यांनीच काढलेलं. मी फक्त रंधा घेऊन जायचं.

मी गोव्यातल्या डिचोलीचा सुतार. बाबांच्या हाताखाली कामाला लागलो त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली, आणि त्यातला एकही पावसाळा या दारांशिवाय गेलेला नाही. सुरुवातीला लोक म्हणतील तसं तासत गेलो. मांद्र्याच्या एका घरात जुलै महिन्यात पुढच्या दाराची कड चांगली पाच मिलिमीटर उतरवली. दार अलगद लागलं, घरचे खूश, मीही खूश. जानेवारीत त्याच घरातून बोलावणं आलं. दार लावलं तरी बाल्कांवातल्या (पुढच्या ओट्यावरच्या) दिव्याचा उजेड आत पडत होता आणि फटीतून पाल बिनधास्त ये-जा करत होती. कडेला सागाची पट्टी चिकटवून दिली, पैसे कुठल्या तोंडाने मागणार? तेव्हापासून मी पिशवीतून आधी खडू काढतो. खाली लिहिलंय ते त्याच क्रमाने, फुकटातल्या तपासणीपासून खर्चाच्या कामापर्यंत. बहुतेक दारं रंध्यापर्यंत पोचतच नाहीत.

दार कसं अडतंय, ते आधी बघा

"अडकतं" या एका शब्दात पाच-सहा वेगवेगळे बिघाड लपलेले असतात.

कुलपाच्या बाजूने वरपासून खालपर्यंत सगळीकडे सारखंच घट्ट, आणि मे महिन्यापर्यंत काही तक्रार नव्हती: हे खरं फुगलेलं दार.

कुलपाच्या बाजूचा वरचा कोपरा चौकटीला लागतो आणि त्याच बाजूचा खालचा कोपरा फरशीवर घासतो. फरशीवर अर्धवर्तुळाचा ओरखडाही दिसेल. हे दार फुगलेलं नाही, लोंबलंय. दोष वरच्या बिजागरीत.

दार लावताना शेवटच्या दोन बोटांवर ते अडतं, दाबलं तर लागतं आणि हात सोडला की परत येतं. इथे बिजागरीची बाजू आवळलेली असते; कुलपाकडे कितीही तासा, काही फरक पडायचा नाही.

वरचा कोपरा टेकतो पण खालचा बोटभर बाहेर राहतो: दाराचं पान पिळवटलंय.

बाराही महिने घासतं, पावसात थोडं जास्त: चौकट किंवा भिंत हललीय.

बाथरूमचं फ्लश दार (प्लायचं सपाट) खालून फुगलंय, प्लायचा थर सुटून पुस्तकाच्या पानांसारखा उघडलाय: हा वेगळाच आजार. त्याच्याबद्दल पुढे.

दार नीट लागतं, पण कडी कोयंड्यात जात नाही असाही एक प्रकार आहे. तिथे दाराला हात लावूच नका. कोयंड्याचं भोक कानशीने दोन मिलिमीटर खाली वाढवलं की काम संपलं.

लाकूड पावसात करतं तरी काय

एवढं कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. लाकूड हवेतली ओल पितं आणि सोडतं, आयुष्यभर. गोव्यात चार महिन्यांत सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सत्तरी-सांगे भागात घाटाकडे त्याहून जास्त. हवाच इतकी ओली की दोरीवरचा टॉवेल तीन दिवस वाळत नाही. उन्हाळ्यात ज्या लाकडात बारा-तेरा टक्के ओल असते, ते जुलैअखेर सतरा-अठरावर जातं.

लाकूड फुगतं ते आडवं, रेषांच्या आडव्या दिशेने. लांबीत जवळजवळ काहीच वाढत नाही. म्हणून दार रुंद होतं, उंच होत नाही. पावसाळ्यात दार फक्त वरून किंवा खालून घासत असेल तर फुगण्यावर खापर फोडू नका.

सागाचा हिशेब सांगतो. ओल पाच टक्क्यांनी वाढली तर सपाट चिरलेली फळी दर शंभर मिलिमीटर रुंदीला सुमारे एक मिलिमीटर वाढते. आता तीन फुटी दार नुसत्या उभ्या फळ्या जोडून केलेलं असेल तर ते आठ-नऊ मिलिमीटर वाढू बघतं. पण पॅनेलच्या दारात रुंदीच्या दिशेने वाढणाऱ्या फक्त दोन उभ्या पट्ट्या असतात, चार-चार इंचांच्या. आडव्या पट्ट्या लांबीच्या दिशेने बसलेल्या, त्या वाढत नाहीत. मधलं पॅनेल खाचेत मोकळं असतं, ते आतल्या आत फुगतं. म्हणजे सगळं मिळून वाढ दोन मिलिमीटर. जुन्या सुतारांनी पॅनेलचं दार काढलं ते काही नुसतं शोभेसाठी नाही. आणि म्हणूनच पॅनेल खुळखुळतं म्हणून त्याला खिळा किंवा फेविकॉल मारू नका. मारलात तर मार्च-एप्रिलमध्ये ते मधोमध उभं फुटेल.

यातून एक आकडा लक्षात ठेवा. चांगल्या पॅनेलच्या दाराला उन्हाळ्यात सगळीकडून तीन मिलिमीटर फट असेल तर ते पावसात लागायलाच हवं. लागत नसेल तर कारण दुसरीकडे शोधायचं.

पहिली तपासणी: खडू आणि कागद

खर्च शून्य. चौकटीच्या ज्या खाचेत दार बसतं तिथे रंगीत खडू जाडसर घासा, दार एकदा लावा आणि उघडा. दाराच्या कडेला जिथे खडू उमटला तिथेच ते टेकतंय. अंदाज आणि खडू यांचं क्वचित जुळतं. साखळी गावच्या एका माईंनी मला तीन वेळा ठासून सांगितलं, "मदीं घासता." खडू उमटला तो फक्त वरच्या कोपऱ्यात, अंगठ्याएवढा.

मग जाड कागद, जुनं लग्नपत्र चालतं, दार लावून फटीतून वरून खाली सरकवत न्या. कुठे अडतो त्यावर पेन्सिलने खूण करा आणि शेजारी तारीख लिहा. तारीख विसरू नका. ऑगस्टमध्ये आणि मग डिसेंबरमध्ये त्याच जागी कागद फिरवला की दार खरंच किती हलतं हे तुम्हाला माझ्याहून नेमकं कळेल.

दुसरी: बिजागरी

दार अर्धं उघडा, मुठीजवळ धरून हलकं वर उचला. वरच्या बिजागरीपाशी हालचाल दिसली, किंवा कट्ट आवाज आला, तर स्क्रू सैल आहेत. सागाचं भरीव पान तीस-चाळीस किलोचं असतं आणि त्याची सगळी ओढ वरच्या बिजागरीवर येते. तिचे स्क्रू जरा जरी सुटले तरी कुलपाकडचा कोपरा खाली येतो. फुगलेल्या दाराइतकंच हे दार अडतं. लोंबणं असतं वर्षभर, पण पावसात त्यात फुगवट्याची भर पडते आणि नाव पावसाचं होतं.

स्क्रू-ड्रायव्हरने सगळे आवळा. आवळता आवळता गोल फिरतच राहिला तर भोक खाल्लंय. आगकाड्या कोंबण्याचा उपाय सगळ्यांना माहीत आहे, तो चवथ निघून जाईपर्यंत टिकतो. पक्कं करायचं असेल तर भोक आठ मिलिमीटरचं करा, सागाची किंवा वाळलेल्या बांबूची खुंटी पाण्यात न सुटणारा गोंद लावून ठोका, एक दिवस जाऊ द्या, खुंटी सपाट कापा आणि मधोमध बारीक भोक पाडून नवा स्क्रू बसवा. समुद्राच्या जवळ राहत असाल तर लोखंडी स्क्रू घेऊच नका. खाऱ्या हवेत दोन-तीन पावसाळ्यांत त्याचं डोकं उडतं, आणि मत्ती-किंदळासारख्या लाकडात लोखंडाभोवती काळा डाग पसरतो तो वेगळाच. पितळ किंवा स्टेनलेस घ्या.

स्क्रू घट्ट आहेत, तरीही दार लोंबतंय? मग खालच्या बिजागरीच्या मागे पातळ पट्टी द्या. खालचा भाग जरा पुढे ढकलला गेला की कुलपाकडची बाजू वर उचलली जाते. पुठ्ठा वापरू नका, तो ओल पिऊन बसतो. मुदत संपलेल्या एटीएम कार्डाचा तुकडा अगदी मापाचा, पाऊण मिलिमीटर. दार परत उसळत असेल तरी हीच युक्ती: बिजागरीची पाती लाकडात खोल गेलेली असतात, त्यांच्या मागे कार्ड घालून ती लाकडाच्या पातळीत आणा. स्क्रूची डोकी पात्याबाहेर आलेली असली तरी दार उसळतं, तेही बघा.

तिसरी: रंगाचे थर

आमच्याकडे दर चवथीला नाहीतर घरातल्या लग्नाला दाराला ऑइल पेंट लागतो. जुना खरवडायला वेळ कोणाला आहे? दहा वर्षांनी दाराच्या कडेला आणि चौकटीच्या खाचेत मिळून दीड-दोन मिलिमीटर नुसता रंग साचतो. म्हणजे तीनमधली दोन मिलिमीटर फट रंगानेच खाल्ली. नखाने कोपऱ्यातला टवका काढून बघा, झाडाच्या खोडासारखी वर्षं मोजता येतात.

पत्र्याने खरवडा, पॉलिश पेपर मारा. एक सावधगिरी मात्र घ्या: जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशाला आपल्याकडे कायद्याने कडक मर्यादा आली ती २०१७च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीचे थर कोरडे घासून धूळ उडवू नका. पाणी लावून घासा, तोंडाला मास्क बांधा आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

चौथी: मेणबत्ती

हा उपाय नाही, फक्त दसऱ्यापर्यंत वेळ काढायचा मार्ग. खडू जिथे उमटला तिथे साधी पांढरी मेणबत्ती दाबून घासा. अर्धा-एक मिलिमीटरचं घासणं एवढ्याने निभावतं. लोक साबण लावतात. साबण स्वतः ओल धरतो, दोन आठवड्यांत ती जागा चिकट होते. नारळाचं तेल तर नकोच, त्यावर धूळ बसते आणि पुढे रंग धरत नाही.

पाचवी: दाराचा माथा आणि पाय

माझ्या मते मूळ रोग इथेच असतो, आणि इथे कोणी बघत नाही. मोबाइलचा कॅमेरा चालू करून दाराच्या वर धरा, मग फरशीलगत धरून खालून फोटो काढा. दहातल्या बहुतेक दारांना त्या दोन कडांना रंगाचा हातही लागलेला नसतो. उघडं, करड्या रंगाचं लाकूड दिसतं. रंगारी स्टुलावर उभा राहून दिसतं तेवढं रंगवतो, आणि दार उतरवल्याशिवाय खालची कड रंगवणार कशी?

उभ्या पट्ट्यांची टोकं तिथे उघडी असतात. लाकडाच्या नळ्यांची तोंडंच ती. पाणी बाजूने जितकं शिरतं त्याच्या कितीतरी पट इथून शिरतं. वरून हवेची ओल, खालून पोछ्याचं पाणी. पुढून-मागून तीन-तीन हात मारलेला चकचकीत पेंट असून दार फुगतं ते यामुळे. शिवाय आत गेलेलं पाणी पेंटमुळे लवकर बाहेरही पडत नाही.

आता जुलैत मात्र तिथे रंग लावू नका. ओल्या लाकडावरचा रंग फोड येऊन सुटतो. फोटो ठेवून द्या, हे काम दिवाळीनंतरचं.

याच वेळी जरा बाहेर जाऊन पावसात उभे राहा. पागोळ्या कुठे पडतात, त्यांचे शिंतोडे दाराच्या खालच्या पट्टीवर येतात का, पन्हळ पानांनी तुंबलीय का? पूर्वी मिरगाच्या आधी भिंतीला झावळ्यांची झापं बांधत असत ती उगाच नाही. हल्ली बाल्कांवाला कौलांची पडवी काढून टाकून सपाट स्लॅब करतात, छज्जा अर्ध्या फुटाचा, आणि मग सागवान खराब निघालं म्हणून दुकानदाराशी भांडतात. पुढच्या दारावर थेट पाऊस येत असेल तर हातभर पत्र्याचं छप्पर हे कुठल्याही पॉलिशपेक्षा स्वस्त पडतं.

सहावी: चौकट, ओळंबा आणि टेप

इथून पुढे काम तुमचं असलं तरी निर्णय बहुधा तुमचा नाही.

चौकटीच्या आतून एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं माप घ्या, मग दुसऱ्या तिरक्याचं. दोन्ही सारखी, किंवा फरक दोन-तीन मिलिमीटरचा, तर चौकट काटकोनात आहे. सहाच्या वर फरक असेल तर ती कलंडलीय. चौकटीच्या उभ्या लाकडाला वरून ओळंबा सोडा, तो मोठा असण्याची गरज नाही, दोरीला बांधलेलं जड नट चालतं. वर आणि खाली दोरीचं अंतर सारखं हवं.

मग चौकटीचे पाय. उंबरठ्याजवळ स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लाकडात जोर लावून दाबा. चांगल्या सागात फक्त ठिपका उमटतो. टोक केकमध्ये शिरावं तसं आत गेलं तर पाय कुजलाय. आमचा चिरा (जांभा दगड) पाणी पितो, जमिनीतली ओल भिंतीतून वर चढते आणि चौकटीचा पाय वर्षाचे सहा महिने त्या ओलीत उभा असतो. जुनी माणसं चौकट बसवण्याआधी तिच्या भिंतीकडच्या अंगाला डांबर फासत. आता तयार चौकट टेम्पोतून येते आणि तशीच सिमेंटात जाते.

बोटाच्या पेराने ठोकून आवाजही ऐका. भरीव लाकूड टणक बोलतं. वाळवीने पोखरलेलं भांड्यासारखं पोकळ वाजतं. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर त्या पुसून टाकू नका, मारायला येणाऱ्याला माग लागायला त्या उपयोगी पडतात. आपण वरवर फवारलं की वाळवी तिथून हटते आणि दुसऱ्या खोलीच्या चौकटीत निघते.

बाथरूमचं फ्लश दार

याच्यावर मी फार वेळ घालवत नाही, तुम्हीही घालवू नका. साग फुगतो आणि परत बसतो. सुटलेला प्लाय परत बसत नाही, त्यातला गोंद गेलेला असतो. त्याची कड तासली की बाहेरची लाकडी पट्टी जाते, आतला गाभा उघडा पडतो आणि पुढच्या महिन्यात ते दुप्पट फुगतं. फुगवटा खाली चार-सहा इंचांतच असेल तर तेवढं कापून सागाची पट्टी लावून आणि बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा मारून दोन वर्षं काढता येतात. नाहीतर एफआरपी (फायबर) किंवा पीव्हीसीचं दार आणि ग्रॅनाइटची चौकट, विषय संपला. सुतार असून हे सांगतो, कारण लाकूड अशा जागेसाठी नव्हतंच.

आणि मग, लागलाच तर, रंधा

वरचं सगळं करून झालं, बिजागऱ्या घट्ट, रंग काढलेला, चौकट काटकोनात, आणि खडू अजूनही लांबवर उमटतोय. मग तासा. पण शक्य असेल तर आता फक्त पेन्सिलची रेघ मारून ठेवा आणि डिसेंबरमध्ये तासा. थांबता येत नसेल, पुढचं दार रात्री लागतच नसेल, तर जुलैत एक मिलिमीटरच्या वर जाऊ नका. एवढं काढलेलं उन्हाळ्यात डोळ्यांना खुपत नाही.

दार उतरवताना दोघं हवेत. खाली पाचर देऊन वजन पेला, आधी खालची बिजागरी सोडा, वरची सगळ्यात शेवटी. बसवताना उलट, वरची आधी. वरची पहिली सोडली की पान फिरून अंगावर येतं. माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याला विचारा.

रंधा पाजळलेला हवा, पातं केसाएवढं बाहेर. लाकडाच्या रेषा ज्या दिशेने चढतात त्या दिशेने चालवायचा, उलट चालवलात की चिफळ्या निघतात. कड अगदी काटकोनात ठेवू नका. चौकटीत आधी शिरणारी धार जरा जास्त उतरवा, म्हणजे दार वळताना ती अडत नाही. वरची किंवा खालची कड तासायची असेल तर दोन्ही टोकांकडून मध्याकडे या, एका टोकातून बाहेर पडलात तर पट्टीचा कोपरा फुटलाच म्हणून समजा. कुलपाकडे जास्त काढावं लागत असेल तर बिजागरीच्या बाजूने काढा, कुलपाची जागा हलत नाही. दोन झडपांच्या जुन्या दारात मधल्या खाचेला हात लावायच्या आधी दोन्ही पानं बिजागरीवर सरळ आहेत का ते बघा, तिथे एकीचा दोष दुसरीवर दिसतो. ओल्या अंगणात विजेचा रंधा चालवू नका, हे सांगायला नको होतं, पण मी ते पाहिलेलं आहे.

तासलेली जागा त्याच दिवशी मेण घासून तरी बंद करा. उघडी ठेवलीत तर आठवड्यात परत फुगली म्हणून मलाच फोन येणार.

दिवाळीनंतरचं काम

डिसेंबर ते फेब्रुवारी, लाकूड वाळलेलं असताना, दार उतरवा आणि सहाही बाजू बंद करा. माथा आणि पाय आधी. तिथे प्रायमरचे दोन हात आणि वर दोन हात पेंट. पॉलिशचं दार असेल तर जवसाचं उकळलेलं तेल (दुकानातलं तयार बॉइल्ड लिनसीड ऑइल) टोकांना पाजा, पिईल तेवढं. तेलाचे बोळे मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतात. मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. आमच्याकडे काजूच्या टरफलाचं तेलही होड्यांना नि लाकडाला लावतात. वाळवीला ते भारी पडतं, पण कातडी भाजते, हातमोज्याशिवाय डबा उघडायचा नाही.

ज्या दारांचं एवढं एक काम नीट झालं, त्यातली बरीच पुढच्या जुलैत खडूसुद्धा मागत नाहीत.

कुठे थांबायचं

सुतार बोलवा: पान पिळवटलंय, पट्ट्यांचा सांधा उघडून आतलं कुसू (सांध्यात बसवलेलं लाकडाचं टोक) दिसतंय, चौकटीचा पाय कुजलाय, किंवा दोन मिलिमीटरहून जास्त तासायचंय. पिळवटलेल्या दारावर रात्रभर दगड ठेवून ते सरळ होत नाही, उगाच पॅनेल फुटतं. जुन्या घरातलं फणसाचं, शिसवीचं कोरीव दार असेल तर पहिल्या पायरीलाच थांबा. तसं लाकूड आता विकत मिळणं कठीण.

वाळवीचा माणूस बोलवा: मातीच्या नळ्या, पोकळ आवाज, किंवा उंबरठ्याजवळ सांडलेले पंख. आधी तो, मग सुतार. उलटं केलंत तर नवं लाकूडही तिचंच.

आणि इंजिनियर बोलवा, त्याच दिवशी, जर चिऱ्याच्या भिंतीत सांध्यासांध्याने पायऱ्यांसारखी भेग चढत गेली असेल. दारावरचं लिंटेल किंवा जुनी लाकडी तुळई मधोमध खाली आली असेल. स्लॅबचा गिलावा फुगून गंजलेली सळी दिसत असेल. किंवा काल लागणारं दार आज अचानक वरून दाबलं गेलं असेल. अशा वेळी दाराचा माथा तासून जागा करून देऊ नका. भिंतीचा भार खाली उतरतोय हे ते दार तुम्हाला दाखवतंय. मातीत रचलेल्या जुन्या भिंती चार दिवसांच्या संततधारेत आतून मऊ होतात. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने तारीख घाला, त्या दाराखालून जाणं-येणं बंद करा, आणि मागच्या दाराने बाहेर पडा.

सुताराला फोन करताना एवढं सांगा: खडू कुठे उमटला, कधीपासून, बिजागऱ्या हलतात का, तिरकी मापं किती. माथ्याचा फोटोही पाठवा. तो आला आणि काही न विचारता पिशवीतून आधी रंधाच काढला, तर त्याला चहा द्या आणि तुमच्याकडचा खडू त्याच्या हातात ठेवा.